नंबर कुणाचा द्यायचा?

सोलापूरच्या पूर्व भागात दुपारी घरोघरी बायका विड्या वळताना दिसतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापलेली तेंदूची पानं. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबानं मिळते, म्हणून दिवस भरत आले तरी कितीतरी जणींचे हात थांबत नाहीत.

दिवस गेले की आशाताई येऊन नाव नोंदवते, माता-बाल संरक्षण कार्ड भरते. मोबाइल नंबर विचारला, की सांगितला जातो नवऱ्याचा. तोच सरकारच्या आरसीएच पोर्टलवर, म्हणजे माता-बाल आरोग्याच्या ऑनलाइन नोंदवहीत चढतो.

त्याच नंबरवर 'किलकारी' या सरकारी सेवेचे फोन येतात, महाराष्ट्रात 2024 पासून. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत, दर आठवड्याला एक, असे 72 निरोप. काय खायचं, कोणतं लक्षण दिसलं तर लगेच दवाखाना गाठायचा, हे सगळं त्यात असतं. पण फोन वाजतो तेव्हा नवरा यंत्रमागावर. तिथल्या खडखडाटात शेजारी उभ्या माणसाचं बोलणं कळत नाही, तिथं हा निरोप कोण ऐकणार? इथल्या बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात. आम्हाला वाटतं, हे निरोप तेलुगूतूनही यायला हवेत. सासूलाही ऐकवता येतील.

मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला 5000 रुपये, दुसरी मुलगी झाली तर 6000. पैसे आईच्याच खात्यात येतात. पण नंबर नवऱ्याचा असला, की आले की नाही, हे तिला दुसऱ्याला विचारावं लागतं.

खरं तर 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट आहे. सिझेरियन, औषधं, तपासण्या, लागलं तर रक्तसुद्धा. साध्या बाळंतपणाला 3 दिवस आणि सिझेरियनला 7 दिवस जेवण. न्यायला आणि घरी सोडायला 102 ची गाडी. हे जिला आधीपासून माहीत असतं, ती 'गोळ्या बाहेरून आणा' म्हटल्यावर 'का?' असं विचारू शकते.

म्हणून आशाताईला आपला नंबर द्या. नोंदणी झाली असेल तर बदलून घ्या. घरात एकच फोन असेल, तर नववा लागल्यावर तो तिच्याजवळच राहू द्या. नवरा रात्रपाळीला असताना कळा सुरू झाल्या, तर 102 तिलाच लावावा लागतो.