डोकं दुखलं की फोनमध्ये काय लिहायचं? (‘पित्त’ लिहू नका!)

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकाच प्रश्नाच्या. "ताई, डोकेदुखीची नोंद ठेवायला कुठलं ॲप चांगलं?" ॲपचं नंतर बोलू. आज आपण फुकटातल्या गूगल फॉर्मवर काम भागवणार आहोत. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. नऊ वर्षं अर्धशिशी सांभाळणारी बाई आहे, एवढीच माझी पदवी.

फॉर्म कसा बनवायचा ते शिकवत बसत नाही. सोसायटीच्या गणपतीत जेवणाची नावं आपण त्यावरच घेतो. प्रश्न टाका: कधी सुरू झालं, कुठली बाजू, मळमळ-उलटी, उजेड-आवाज सहन होतोय का, हातातलं काम थांबलं का, गोळी कुठली आणि किती. बास. लिंक क्रोममध्ये उघडा, वरचे तीन ठिपके, होम स्क्रीनवर जोडा. झालं.

[स्क्रीनवर फॉर्म]

"ताई, दहापैकी किती दुखतंय ते का नाही विचारलं?" विचारा की. पण माझा सहा आणि तुमचा सहा सारखा नसतो, आणि माझा सोमवारचा सहा शुक्रवारी आठ होतो. पोळ्या अर्धवट टाकून आडवी झाले का, याचं उत्तर मात्र हो किंवा नाही.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ केला ते. या फॉर्ममध्ये ‘कारण’ असा रकाना नाही. मुद्दाम नाही. कृपा करून टाकू नका.

मी काय केलं होतं? पहिले दोन महिने फोनच्या नोट्समध्ये डोकं दुखलं की दर वेळी इमानदारीने लिहिलं. तारीख, पुढे ‘पित्त’. तारीख, पुढे ‘पित्त’. एकदा ‘पित्त + ऊन’. डॉक्टरांकडे गेले, ऐटीत फोन पुढे केला. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "कुठल्या बाजूला दुखतं? किती तास?" मला सांगता येईना! अकरा नोंदी होत्या आणि एकातही डोकं नव्हतं. अर्धशिशीचा झटका औषध न घेता साधारण 4 ते 72 तास चालतो, बहुतेकदा एका बाजूला ठणकतं, मळमळतं, उजेड नकोसा होतो. डॉक्टर हेच शोधत असतात. आपल्याकडे उलटी झाली की डोकेदुखीचं नाव बदलून पित्त होतं आणि तपास तिथेच संपतो.

दुसरा किस्सा, साबुदाण्याचा. संकष्टीला माझं डोकं दुखणार म्हणजे दुखणार. घरात एकमत, खिचडी बाधते. मी पण तेच लिहायचे. मग वेळ लिहायला लागले, तर काय? दुखणं सुरू अकराला, खिचडी ताटात दीडला! सकाळपासून नुसत्या चहावर मी, आणि आरोप त्या बिचाऱ्या खिचडीवर. उपाशी राहिलं की अर्धशिशी उठते हे बऱ्याच जणांचं होतं. मला ते वेळेमुळे दिसलं. ‘साबुदाणा’ लिहीत राहिले असते तर आजही वरीचे तांदूळ खात बसले असते, तेही दीडलाच.

"पण ताई, कारण लिहिलं नाही तर उपाय कसा कळणार?" ही कमेंट आली आहे, आणि तिला बरेच लाइक आहेत. म्हणून तिसऱ्यांदा सांगते. डोकं दुखायच्या आधी काही तास, कधी कधी एक-दोन दिवस, अर्धशिशीची चाहूल लागते. जांभया येतात, मान अवघडते, चिडचिड होते, गोड खावंसं वाटतं. म्हणजे तुम्ही चॉकलेट खाल्लं आणि मग डोकं दुखलं, तेव्हा चॉकलेटने दुखलं असेलही. पण झटका आतून आधीच सुरू झाला होता म्हणून चॉकलेट हवंसं वाटलं, असंही असू शकतं. त्या क्षणी हे तुम्हाला कसं कळणार? नाही कळत. म्हणून ‘चार वाजता चॉकलेट खाल्लं, सातला डावीकडे ठणका’ एवढंच. निकाल लावायची घाई नको.

एक अडचण खरी आहे. डोकं फुटत असताना स्क्रीनकडे बघवत नाही. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येतो ना? तिथे नुसतं ‘सुरू’ लिहून पाठवा आणि फोन पालथा घाला. वेळ आपोआप पडते. फॉर्म उठल्यावर भरा, पण सुरुवातीची वेळ त्या मेसेजमधून घ्या. फॉर्म स्वतः टाकतो ती वेळ भरल्याची असते.

गोळीचा रकाना मात्र अजिबात सोडू नका. गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं, थट्टा नाही. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, आणि मिश्र गोळ्या (एकाच गोळीत दोन-तीन औषधं) किंवा ट्रिप्टान (खास अर्धशिशीच्या गोळ्या) 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की डॉक्टरांना हा संशय येतो. गोळ्या मोजू नका, गोळीचे दिवस मोजा. दुधाचे खाडे मोजतो तसे.

आणि अचानक, मिनिटाभरात कधी नव्हे इतकं दुखलं, ताप येऊन मान आखडली, जीभ अडखळली, हात-पाय लुळा पडला, तर फॉर्म भरत बसू नका. 108.

आता ॲपचं. मी तीन उतरवून बघितली. एकाने पहिल्याच पानावर कॉन्टॅक्ट लिस्ट मागितली. माझ्या डोक्याचा माझ्या कॉन्टॅक्टशी काय संबंध? बरं, काहींचा आहे, ते सोडा. पण 2021 मध्ये अमेरिकेत फ्लो नावाच्या पाळीच्या ॲपला फेडरल ट्रेड कमिशनशी, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेशी, तडजोड करावी लागली होती. बायकांची खासगी माहिती फेसबुक, गूगलसारख्यांकडे गेल्याचा आरोप होता. हो, गूगल फॉर्मही गूगलचाच, मला माहीत आहे, त्यावर कमेंट नको. ज्यांना नको त्यांनी वही घ्या. आणि एका काकांनी विचारलंय, आभा कार्डात (सरकारी आरोग्य ओळखपत्रात) डोकेदुखी कुठे लिहायची? काका, त्या 14 आकडी नंबराला रिपोर्ट, चिठ्ठ्या जोडता येतात. रोजच्या डोक्यासाठी ते बनवलेलं नाही.

आईला मी हा फॉर्म टाकून दिला होता. तिने दोनदा भरला आणि सोडला. ती भिंतीवरच्या कालनिर्णयावरच लिहिते, दुधाच्या आकड्याशेजारी: ‘डो. उ. 3’. डोकं, उजवी बाजू, तीन वाजता. महिना संपला की मी पानाचा फोटो काढते आणि डॉक्टरांना दाखवते. तिच्या एकाही चौकोनात पित्त नाही.