४०३००१: पणजीचा पिनकोड फोडताना

पणजी, सांतोमे. हे शहराचं मुख्य टपाल कार्यालय. पोर्तुगीज अमदानीत या वास्तूत तंबाखूचा व्यापार चाले. आज खिडकीशी एक बाई पाकिटावर पत्ता लिहिताहेत. शेवटचे सहा आकडे: ४०३००१.

पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल-तार खात्याचं काम पाहणारे केंद्रीय अधिकारी, आणि संस्कृत कवीही. पहिले तीन आकडे टपालाच्या वर्गवारीचे, पुढचे तीन पोस्टाचे. गोव्याच्या वाट्याला ४०३ आला.

आणि ४०३ म्हणजे १३ गुणिले ३१. म्हणून गोव्यातल्या पिनकोडचे शेवटचे तीन आकडे १३ किंवा ३१ ने भागले गेले, की अख्खा कोड भागला जातो. म्हापसा, ४०३५०७: ५०७ म्हणजे तेरा गुणिले एकोणचाळीस. गेला! वास्कोचा ४०३८०२ समच. फोंड्याचा ४०३४०१, अंकांची बेरीज १२, तीनने तुटतो. मडगावचा ४०३६०१ दिसायला भक्कम, पण मडगावकरांनी रागावू नये, त्याला ११ ने भाग जातो.

पणजीचा मात्र कशानेच तुटत नाही. ती मूळ संख्या आहे. खात्री करायची तर ६३४ पर्यंतच्या सगळ्या, म्हणजे ११५ मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल. कंटाळवाणं काम. अठराव्या शतकातले गणिती ऑयलर यांची वाट जास्त देखणी आहे.

चारने भागल्यावर १ उरणारी संख्या घ्या आणि ती दोन वर्गांची बेरीज म्हणून मांडा. ६५ दोन प्रकारे मांडता येते: ६४ अधिक १, किंवा ४९ अधिक १६. दोन प्रकार सापडले, की संख्या फुटलीच. ६५ म्हणजे ५ गुणिले १३. मांडणी एकच निघाली, आणि त्या दोन वर्गांच्या वर्गमुळांना १ सोडून सामाईक विभाजक नसला, तर संख्या मूळ.

आता ४०३००१. शेवटी १ आहे, तेव्हा एक वर्ग ० किंवा ५ वर संपणारच. म्हणजे त्याचं वर्गमूळ पाचच्या पटीत. शिवाय आठने भागल्यावर बाकी १, म्हणून सम वर्गमूळ चारच्या पटीत. दोन्ही अटी एकाच वर्गमुळाला लागू झाल्या, तर तपासायचे फक्त २०, ४०, ६०... असं करत ५६० वर या. ५६० चा वर्ग ३,१३,६००. उरतात ८९,४०१. हा बरोब्बर २९९ चा वर्ग! पाचची पट विषम असेल, तीही बाजू तपासली. तिथे काही हाती लागत नाही. मांडणी एकच.

यात पणजीला फार मोठा मान मिळाला, असंही नाही. सहा अंकी मूळ संख्या ६८,९०६ आहेत, साधारण तेरांत एक. त्या कुठे दाट, कुठे विरळ विखुरलेल्या असतात. गोव्यात जन्मलेले गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी उत्तरायुष्यात याच विखुरण्याला संभाव्यतेच्या अंगाने भिडले. त्यांची मांडणी गणितींना पटली नाही. टपाल खात्याने २००८ मध्ये त्यांचं तिकीट काढलं.

तुम्ही गोव्यात राहत असाल, तर आपल्या गावचा कोड घ्या. आधी शेवटच्या तीन आकड्यांना १३ आणि ३१ ने भागून बघा.