बोटांनी शिकलेली जिझेल

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी तुम्हाला आलिसिया आलोन्सो या बॅले नर्तकीविषयी सांगणार आहे. क्यूबाची राजधानी हवाना येथे २१ डिसेंबर १९२० रोजी त्यांचा जन्म झाला. लहानपणी त्याच शहरात त्या बॅले शिकल्या. सोळाव्या-सतराव्या वर्षी फर्नांदो आलोन्सो या नर्तकाशी लग्न करून त्या न्यू यॉर्कला गेल्या, १९३८ मध्ये मुलगी झाली आणि १९४० पासून त्या तिथल्या बॅले थिएटर या मंडळीत नाचू लागल्या. इथपर्यंतची हकीकत मी घाईने सांगितली, कारण मला तुम्हाला पुढच्या वर्षापाशी न्यायचे आहे.

१९४१ मध्ये आलिसिया यांच्या डोळ्याचा पडदा सरकला. तेव्हा त्या अवघ्या विशीत होत्या. एक शस्त्रक्रिया झाली, दुसरी झाली, आणि कडेचे कधीच नीट दिसणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. तिसरी शस्त्रक्रिया हवानात झाली आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर त्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधून उताणे पडून राहायचे होते. घरात डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेले माणूस असले की काय काय जपावे लागते, हे तुम्ही जाणताच. पण ही पथ्ये त्याहून कितीतरी कठोर होती. डोके हलवायचे नाही. हसायचे नाही, रडायचे नाही. जोर लावून चावावे लागेल असे काही खायचे नाही. तीन-चार वर्षांची लेक घरात बागडत असताना तिच्याशी खेळायचेही नाही.

आणि याच अंथरुणावर, श्रोतेहो, त्या जिझेल शिकल्या. जिझेल हा १८४१ मध्ये पॅरिसला प्रथम सादर झालेला बॅले आहे. प्रेमात फसवणूक झाल्याने वेडी होऊन मरण पावणारी आणि मेल्यानंतरही आपल्या प्रियकराला वाचवणारी एक खेडवळ मुलगी त्याची नायिका आहे. फर्नांदो रोज येऊन आलिसिया यांच्या उशाशी बसत आणि नृत्यातले एकेक पाऊल बोटांनी दाखवीत. त्या ते बोटांनीच गिरवीत. मराठीत हाताचीही बोटेच आणि पायाचीही बोटेच, त्यामुळे आपल्याला हे चटकन उमगावे. जे नृत्य पायाच्या बोटांच्या टोकांवर तोलायचे, ते त्यांनी आधी हाताच्या बोटांवर तोलले. तबला शिकणारा मुलगा बसमध्ये बसल्या बसल्या मांडीवर बोल वाजवीत असतो, ते आपण पाहिले आहे. इथे मांडीच्या जागी चादर होती आणि समोर अंधार होता. वर्षभर बोटांनी, मी पुन्हा सांगतो, वर्षभर केवळ बोटांनी, त्यांनी जिझेल पाठ केली.

पुढे उठण्याची परवानगी मिळाली, पण नाचण्याची मिळाली नाही. त्या कुत्र्यांना फिरवायला म्हणून बाहेर पडत आणि डॉक्टरांचा शब्द मोडून जवळच्या नृत्यशाळेत जात. मग एका चक्रीवादळात घराचे दार फुटले आणि काचांचे तुकडे त्यांच्या डोक्यावर, चेहऱ्यावर उडाले. डोळ्यांना मात्र काही झाले नाही. एवढ्यातून हे डोळे वाचले, तर नाचण्याने त्यांना काही होणार नाही, असे म्हणून डॉक्टरांनीच मुभा दिली.

त्या न्यू यॉर्कला परतल्या. २ नोव्हेंबर १९४३ रोजी मेट्रोपोलिटन ऑपेरा हाउसमध्ये जिझेल होती, पण नायिकेचे काम करणाऱ्या ॲलिशिया मार्कोव्हा आजारी पडल्या. त्यांच्या जागी उभे राहायला आलोन्सो तयार झाल्या. त्या रात्री पायांना नवे काही शिकायचे नव्हते. बोटांना जे येत होते, ते पायांत उतरायचे होते, आणि ते उतरले. तेव्हापासून जिझेल म्हटले की आलोन्सो हे नाव निघू लागले. डोळ्यांना अंधुकच दिसत असे, म्हणून रंगमंचावरचे दिवे त्यांच्यासाठी खुणेच्या जागी बसवले जात आणि जोडीदाराला ठरल्या क्षणी ठरल्या जागीच असावे लागे.

आपल्याकडे मुलीला नृत्यवर्गात घातले की दुसऱ्याच महिन्यात पालक कार्यक्रमाची तारीख विचारतात. मला ते फार खटकते. शिकणे आत मुरायला वेळ लागतो, आणि तो वेळ मुलांना मिळालाच पाहिजे.

२८ ऑक्टोबर १९४८ रोजी आलोन्सो यांच्या स्वतःच्या मंडळीने हवानात पहिला प्रयोग केला आणि १९५० मध्ये त्यांची शाळा सुरू झाली. यात फर्नांदो आणि त्यांचे नृत्यरचनाकार बंधू आल्बेर्तो यांचाही बरोबरीचा वाटा होता. क्यूबाची शिकवण्याची पद्धत बसवण्यात फर्नांदो यांचे श्रम एवढे आहेत की, त्यांचे नाव दुसऱ्या ओळीत टाकणे मला अन्यायाचे वाटते. १९५६ मध्ये क्यूबाचे हुकूमशहा बातिस्ता यांच्या सरकारशी बिनसल्याने मंडळीचे अनुदान गेले, तेव्हा ही राजवट असेपर्यंत मायदेशात नाचायचे नाही, असे आलोन्सो यांनी ठरवले. बातिस्ता यांची सत्ता उलथवणाऱ्या १९५९ च्या क्रांतीनंतर तिचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांनी २ लाख डॉलर दिले आणि तीच मंडळी क्यूबाचा राष्ट्रीय बॅले झाली. आलोन्सो यांचा कारभार कडक होता आणि अनेक नर्तक देश सोडून गेले, हेही सांगितले पाहिजे. पण त्याच क्यूबात बॅले ही श्रीमंतांच्या घरची कला उरली नाही. कार्लोस अकोस्टा हा हवानाच्या एका गरीब ट्रकचालकाचा मुलगा. त्याला शिस्त लागावी म्हणून वडिलांनी नृत्यशाळेत घातले आणि पुढे तो लंडनच्या रॉयल बॅलेचा प्रमुख नर्तक झाला.

सत्तरी ओलांडेपर्यंत आलोन्सो रंगमंचावर होत्या. दृष्टी जवळजवळ पूर्ण गेल्यावरही मंडळीची सूत्रे त्यांनी नव्वदीनंतरही सोडली नाहीत. २०१५ मध्ये हवानाच्या मोठ्या नाट्यगृहाला त्यांचे नाव दिले गेले. १७ ऑक्टोबर २०१९ रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा लोकांनी त्यांचे अंत्यदर्शन घेतले ते त्याच नाट्यगृहात.