चितार ओळीतल्या उंदीरवाल्या ताई

(दृश्य: पहाट. महालातली चितार ओळ, शटर अर्धवट वर. संगीत नको, फक्त गारा तुडवल्याचा आवाज.)

हा आवाज जरा ऐका. ओल्या मातीत पाय रुततो आणि परत निघतो, त्याचा आहे हा. नागपूरच्या महालात ही चितार ओळ, पिढ्यानपिढ्या मूर्ती करणाऱ्यांची गल्ली, आणि गणपतीच्या आधी दोन महिने इथं पाय ठेवायला जागा नसते, ओट्यावर, जिन्यात, खाटेखाली नुसत्या मूर्ती, कुणाला सोंड लागायची आहे, कुणाला हात.

प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेल्या या बाई, मांडीवर जुनी चादर घेतलेल्या, या चितारी घरातल्या नाहीत. यांच्या माहेरी-सासरी कुणी कधी मातीला हात लावला नाही. ओळीत सगळे यांना उंदीरवाल्या ताई म्हणतात, आपणही तेच म्हणू, नाव नको असं त्यांनीच सांगितलंय.

(दृश्य: तळहाताचा क्लोजअप. कापू नका, पूर्ण शॉट जाऊ द्या.)

पुरीच्या लाटीएवढी माती घ्यायची, डाव्या तळहातावर फिरवून एका बाजूनं निमुळती करायची. दोन बोटांच्या चिमटीत तोंड निघतं. कानांसाठी दोन बारीक चकत्या, त्या अंगठ्यानं दाबून बसवायच्या. शेपूट शेवईसारखी वळून पायाशी गुंडाळायची, पुढच्या दोन पायांत एक मोदक, आणि डोळे सगळ्यात शेवटी, अगरबत्ती जळून गेल्यावर जी काडी उरते ना, तिच्या टोकानं. टोच, टोच. झाला उंदीर.

आता कानामागं बघा. अंगठ्याचा ठसा राहिलाय तिथं. वरून रंग दिला तरी तो जात नाही. म्हणजे नागपुरातल्या कितीतरी घरांमध्ये गणपतीच्या पायाशी दरवर्षी ताईंचा अंगठा जाऊन बसतो, आणि त्या घरांना हे माहीतही नसतं.

(दृश्य: भिंतीवरच्या फळीवर चिकटलेली जुनी चिठ्ठी.)

ताईंचा मुलगा 21 वर्षांचा होता. गणपती बुक करायला दरवर्षी तोच यायचा, याच दुकानात. 2019 च्या जुलैतही आला, पाचशे रुपये अ‍ॅडव्हान्स दिला, मूर्तीच्या पाटाला नावाची चिठ्ठी चिकटवून गेला. पुढच्या आठवड्यात रिंग रोडवर अपघात झाला.

घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी आपल्याकडे बहुतेक घरांत गणपती बसवत नाहीत. त्या वर्षी 2 सप्टेंबरला चतुर्थी होती, तर त्याच्या पंधराएक दिवस आधी ताई मूर्ती नको म्हणून सांगायला इथं आल्या. काकांनी, म्हणजे हे समोर सोंड लावतायत ते मूर्तिकार, त्यांनी पैसे परत करायला गल्ला उघडला, पण ताई तिथंच त्या मूर्तीसमोर उभ्या राहिल्या, हलेचनात. मग काकांनी मातीचा एक गोळा त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "बसा ताई जराशा, एवढं मळून द्या, पोट्टा आला नाही आज कामावर."

संध्याकाळपर्यंत त्या मळत बसल्या.

काकांना आम्ही विचारलं, तुम्ही असं का केलं? ते म्हणाले, "काय बोलाव ते समजलंच नाही मले, मग जे हातात होतं ते देल्लं."

(दृश्य: बादलीत पाणी, त्यात मातीची मूर्ती. टाइम-लॅप्स.)

ती चिठ्ठीवाली मूर्ती काकांनी कुणाला विकली नाही, फळीवर तशीच ठेवली, रंग न देता. 2020 च्या उन्हाळ्यात ताईंना विचारून ती बादलीत सोडली. रंग नसलेली कच्ची माती पाण्यात कशी विरघळते ते बघा, आधी बुडबुडे येतात, मग कडा सुटतात, आणि सकाळी तळाशी नुसता मऊ गाळ. तोच गाळ चाळून, त्यात कापूस पिंजून घालून (कापसानं माती धरून राहते, तडे कमी जातात) ताईंनी पहिले उंदीर केले.

हे मातीतच होऊ शकतं, आणि म्हणून हा शॉट आम्ही एवढा लांब ठेवलाय. पीओपी पाणी घातलं की गरम होऊन घट्ट बसतं, ते पुन्हा मऊ होत नाही, फुटलं की फेकायचं, आणि विसर्जनानंतर किती दिवस तसंच पडून असतं ते फुटाळ्यावर, सोनेगाव तलावावर आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं पाहिलंय. माती चुकली तर परत बादलीत जाते. ताईंचे सुरुवातीचे कितीतरी उंदीर असेच परत बादलीत गेले, कुणाचं तोंड डुकरासारखं, कुणाचा कान वाळताना गळून पडला. उन्हात वाळवायची घाई केली की तडा जातो, सावलीतच वाळवावं लागतं, आणि वाळेपर्यंत आपण काहीच करू शकत नाही, बसून राहायचं.

2020 मध्ये कोरोनामुळं घरगुती मूर्ती दोन फूट आणि मंडळाची चार फूट अशी सरकारची मर्यादा आली. मोठ्या ऑर्डरी गेल्या, ओळीतल्या घरांचं त्या वर्षी फार वाईट झालं. काकांच्या हाताशी वेळ होता तेवढा, आणि त्या वेळात त्यांनी ताईंना बोट धरून शिकवलं.

(दृश्य: इतवारी, मारबतीची मिरवणूक. आवाज पूर्ण उघडा.)

पोळ्याचा दुसरा दिवस, तान्हा पोळा. मारबत म्हणजे रोगराईचा, पीडेचा मोठा पुतळा. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून, असं सांगतात, आणि अख्खं जुनं नागपूर रस्त्यावर येतं. रोगराई घेऊन जा, इडा पिडा घेऊन जा गे मारबत! माणसं घसा फाटेस्तोवर ओरडतात. मग तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. दुःखाचा एवढा मोठा पुतळा करायचा, वाजतगाजत फिरवायचा आणि जाळून टाकायचा, ही पद्धत आपल्या गावानं काढली याचा मला फार अभिमान आहे.

ताईही दरवर्षी मारबत बघायला जातात. या शॉटमध्ये डावीकडं निळ्या साडीत उभ्या आहेत, त्या एकट्याच गप्प आहेत. आम्ही नंतर विचारलं.

"मी नाही ओरडत. पीडा नेली तं पोरगा बी जाईन तिच्यासंग. थोडी राहू द्या म्हणते माह्यापाशी."

(दृश्य: पुन्हा दुकान. मागं काका सोंडेवर काम करताना.)

ओळखीतल्या एकानं ताईंना सुचवलं होतं, आता हात बसलाय तर मुलाचाच पुतळा करा ना. ताई नाही म्हणाल्या. "त्याचा चेहरा माह्यानं नाही जमणार, अन् जमला तं मग मी घरी कशी जाऊ?"

(दृश्य: दोन गुडघे टेकलेल्या दगडी आकृतींचा फोटो.)

जर्मनीत कॅथे कोल्विट्झ नावाची शिल्पकार होती. तिचा मुलगा पीटर ऑक्टोबर 1914 मध्ये पहिल्या महायुद्धात बेल्जियममध्ये मारला गेला, 18 वर्षांचा. तिनं त्याचं स्मारक करायला घेतलं, आधीच्या कल्पनेत आडवा पडलेला मुलगा होता, उशाशी-पायथ्याशी आईबाप. ते तिनं सोडून दिलं. 1932 मध्ये शेवटी जे उभं राहिलं त्यात मुलगा नाहीच, फक्त गुडघे टेकलेले आई आणि बाप. अठरा वर्षं लागली. ताईंना हा फोटो आम्ही मोबाईलवर दाखवला. खूप वेळ बघून म्हणाल्या, "बापाचे हात पाहा, कसे आवळून धरलेत." आणि परत कामाला लागल्या.

पैसे फार मिळत नाहीत, सीझन संपला की संपलं, पाठ दुखते, आणि घरच्यांचं म्हणणं होतं की हे बंद करा, आता म्हणत नाहीत.

(दृश्य: रात्र. दिवा एकच. ताई तयार उंदरांवरून बोट फिरवतात.)

हे रोजचं शेवटचं काम. वाळलेला एकेक उंदीर उचलून दिव्यासमोर धरायचा, तडा दिसला की बाजूला. आज सात निघाले. सातही बादलीत. बुडबुडे येतायत.

सकाळपर्यंत विरघळतील. सहाला ताई परत येतात.

(दृश्य: बादली. आवाज चालू ठेवा. नावं इथं.)