युकिहोचं माहितीपत्रक

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी ज्या मुलीबद्दल बोलणार आहे, ती तिच्याच गोष्टीत फारशी दिसत नाही. दिसते ती घरातल्या कपड्यांत, ठेंगण्या टेबलाशी बसलेली, नाहीतर तोंडाला फेसपॅक थापून आरशापुढे उभी. तिचं नाव कोसाका युकिहो. वय म्हणाल तर आपल्याकडच्या नववीतल्या मुलीएवढं. आणि ओळख विचाराल तर एकच, होनोकाची धाकटी बहीण.

'लव्ह लाइव्ह! स्कूल आयडॉल प्रोजेक्ट' ही जपानी ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशनची मालिका जानेवारी 2013 मध्ये सुरू झाली. 13 भाग झाले, 2014 मध्ये आणखी 13 आले आणि 2015 च्या जूनमध्ये चित्रपट. स्कूल आयडॉल म्हणजे गाऊन-नाचून कार्यक्रम करणाऱ्या शाळेतल्याच मुली. गाणी त्याच रचतात, नाच त्याच बसवतात, पोशाखही स्वतःच शिवतात. मागे कुठली कंपनी नसते. मालिकेची नायिका होनोका, तिच्या गटात अशा 9 जणी आहेत आणि गटाचं नाव आहे म्यूज, ग्रीक पुराणातल्या 9 कलादेवींवरून घेतलेलं. नऊही जणींचे चाहते जगभर आहेत, त्यांच्या चित्रांच्या उशा नि बिल्ले विकले जातात. युकिहोच्या वाट्याला त्यातलं फार थोडं येतं. म्हणून म्हटलं, आजची दहा मिनिटं तिची.

गोष्ट घडते टोकियोत. अकिहाबारा, कांदा आणि जिंबोचो या तीन वस्त्यांच्या मधोमध ओतोनोकिझाका नावाची मुलींची जुनी, तीन वर्षांची उच्च माध्यमिक शाळा आहे. तिसऱ्या वर्षाच्या तुकड्या 3, दुसऱ्याच्या 2 आणि पहिल्या वर्षाची फक्त 1. आपल्याकडे पटसंख्या हा शब्द ऐकला की शिक्षकांच्या कपाळावर आठी चढते, तीच पटसंख्या इथे शाळेच्या मुळावर आली आहे. हे काल्पनिक असलं तरी हवेतलं नाही. मुलंच कमी जन्मतात म्हणून जपानात दरवर्षी साडेचारशेच्या आसपास शाळांना कुलूप लागत आलंय. होनोका दुसऱ्या वर्षाला आहे. शाळा बंद होणार अशी नोटीस लागते आणि ती हादरून घरी येते.

घरी काय असतं? टेबलावर एका भलत्याच शाळेचं माहितीपत्रक. यूटीएक्स. अकिहाबारातली गगनचुंबी, चकचकीत शाळा, दर्शनी भागावर भलाथोरला पडदा. युकिहोला पुढच्या वर्षी तिथे प्रवेश घ्यायचा आहे. होनोका कळवळून विचारते, आमच्या शाळेत नाही येणार? आणि धाकटी सरळ सांगते की तुमची शाळा बंद पडणार, हे सगळ्यांना माहीत आहे.

हा प्रसंग मला मालिकेतल्या कुठल्याही गाण्याइतका मोलाचा वाटतो. या घरातली आजी ओतोनोकिझाकात शिकली, आई शिकली, थोरली शिकते आहे. तीन पिढ्यांची वाट धाकटीपाशी येऊन तुटते आहे, आणि तिच्या बोलण्यात राग नाही की बंडही नाही, नुसता हिशेब आहे. पंधरा वर्षांच्या मुलीने बंद पडणाऱ्या शाळेत नाव का घालावं? होनोकाकडे उत्तर नसतं. ती दुसऱ्या दिवशी सकाळी ते यूटीएक्स बघायला जाते, त्या पडद्यावर ए-राइझ या तीन मुलींच्या गटाचं गाणं बघते, आणि तिच्या डोक्यात स्कूल आयडॉलचं खूळ शिरतं. म्हणजे बघा, म्यूजची सुरुवात कुठून झाली? बहिणीच्या माहितीपत्रकातून. युकिहोने ते मुद्दाम ठेवलं नव्हतं. पण घरात खरं बोलणारं एक माणूस होतं म्हणून थोरली जागी झाली.

आता त्या घराबद्दल थोडं, कारण ते मला फार आवडतं. खाली दुकान, वर राहणं. दुकान पारंपरिक जपानी मिठाईचं, नाव होमुरा. वाफवलेले मांजू, आत अझुकीच्या लाल दाण्यांचं गोड सारण. आपल्या पुरणाचंच भावंड म्हणा ना. कांदाच्या सुदाचो भागात ताकेमुरा नावाचं 1930 सालचं खरंखुरं दुकान आहे, त्याच्यावरून होमुराची इमारत चितारली आहे. ताकेमुराची लाकडी वास्तू टोकियोच्या जतन केलेल्या इमारतींत मोडते आणि तळलेला मांजू ही तिथली खासियत. पण मिठाईवाल्याच्या मुलीला मिठाईचं कौतुक कुठून असणार! होनोका वैतागते की या सारणाचा मला कंटाळा आलाय, आणि युकिहो तिला दटावते, की मिठाईवाल्याच्या मुलीने असं बोलू नये, खाली दुकानात ऐकू जाईल. वयाने लहान, पण गिऱ्हाइकाचं भान हिला.

नावांचीही एक गंमत आहे. होनोका, युकिहो आणि होमुरा या तिन्हींत 'हो' हे एकच चित्राक्षर येतं, आणि त्याचा अर्थ धान्याचं कणीस. युकि म्हणजे बर्फ. दोघी बहिणी आणि दुकान, एकाच कणसाचे दाणे. जपानीत धाकटी थोरलीला नावाने हाक मारत नाही, ओनेचान म्हणते, जसं आपण ताई म्हणतो. थोरली मात्र धाकटीला नुसतं युकिहो म्हणते. त्या एका ओनेचानमध्ये युकिहो काय काय भरते! कधी वैताग, कधी 'आता हिला काय सांगावं', आणि क्वचित नकळत अभिमान. तिला आवाज दिलाय तोयामा नाओ यांनी. मराठी उपशीर्षकं नसली तरी हा सूर कळायला भाषा लागत नाही. मी स्वतः घरात थोरली आहे, तेव्हा तो सूर मला जरा जास्तच ओळखीचा आहे.

युकिहोची जोडीदार आहे आयासे आलिसा. हीसुद्धा धाकटीच. तिची थोरली एली, शाळेच्या विद्यार्थी परिषदेची अध्यक्ष, सुरुवातीला म्यूजच्या विरोधात. आजी रशियन, त्यामुळे बोलण्यात मधूनच 'खाराशो', म्हणजे रशियनमध्ये 'छान'. ही एली शाळा वाचवायला एक भाषण तयार करते. शाळेची थोर परंपरा वगैरे. घरी आलिसा आणि तिच्या मैत्रिणींना बसवून वाचून दाखवते. युकिहो तिथे पेंगते! भाषणाला याहून प्रामाणिक अभिप्राय कुठला? मग आलिसा बहिणीला विचारते, ताई, तुला खरंच हेच करायचं आहे का? एली तेव्हा कर्तव्याची ढाल पुढे करते, पण प्रश्न तिला लागतो, आणि पुढच्याच भागात ती म्यूजमध्ये येते. दोन घरं, दोन धाकट्या, आणि दोघींची तऱ्हा एकच. त्या टाळ्या वाजवायला धावत नाहीत, आधी बघतात.

आधार देणारी धाकटी बहीण म्हटलं की पाणी आणून देणारी, पहिल्या रांगेत हात हलवणारी मुलगी डोळ्यांपुढे येते. ॲनिमेत तशा पैशाला पासरी आहेत. युकिहो वेगळी आहे, कारण तिचं मन जिंकावं लागतं. तिचा प्रवेश अर्ज म्हणजे म्यूजची खरी परीक्षा. हजारो अनोळखी मुलींना शाळेकडे ओढता येईल, पण घरातली एक आली नाही तर? शाळा वाचते. दुसऱ्या सीझनमध्ये युकिहो आणि आलिसा ओतोनोकिझाकाची प्रवेश परीक्षा देतात आणि पास होतात. यूटीएक्सचं पत्रक कधीच मागे पडलेलं असतं.

मग खरी पेचाची वेळ येते. म्यूजमधल्या तिघी, एली, नोझोमी आणि निको, शिक्षण संपवून शाळेबाहेर पडणार. उरलेल्या सहा जणींनी काय करायचं? नव्या मुली घेऊन नाव चालू ठेवायचं? बाकीच्यांनी हा विषय तोंडाशी येऊ दिलेला नाही. युकिहो घरात बहिणीला थेट विचारते, पुढच्या वर्षी म्यूजचं काय करणार? आलिसाला तर म्यूजमध्ये जायची केवढी हौस! आणि नंतर युकिहो येऊन सांगते की आम्ही म्यूजमध्ये येणार नाही. तिच्या लेखी म्यूज म्हणजे या नऊ जणी. त्या दोघी आपलं निराळं काहीतरी करतील.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते तुटक वाटलं. एवढा अट्टाहास करून शाळा वाचवली ती कोणासाठी, आणि ही म्हणते येणार नाही! दुसऱ्यांदा पाहताना लक्षात आलं की होनोकाला गट थांबवायचा होता, पण धाकट्यांची दारं बंद केल्यासारखं होईल म्हणून तिची जीभ उचलत नव्हती. युकिहोने आपणच दारातून मागे सरून ते ओझं उतरवलं. लगेच होनोका सगळ्यांना समुद्रावर घेऊन जाते आणि तिथे नऊ जणी ठरवतात, म्यूज इथे संपेल. तो किनारा, ती रडारड चाहत्यांच्या तोंडपाठ आहे. त्याच्या अलीकडचं युकिहोचं वाक्य फारसं कोणी आठवत नाही.

चित्रपटाच्या शेवटी काळ पुढे सरकलेला आहे. ओतोनोकिझाकातली स्कूल आयडॉल क्लबची तीच खोली. नव्या मुली दाटीवाटीने बसल्या आहेत. पुढे उभ्या आहेत युकिहो आणि आलिसा, अंगावर या शाळेचा गणवेश, आता थोरल्या झालेल्या. एकेकाळी भाषण ऐकताना पेंगणारी ही मुलगी नव्यांना सांगते आहे, की या शाळेत नऊ जणी होत्या. आणि खोलीत एकही मुलगी पेंगत नाही.

नमस्कार.