ऑपरेशन कानाचं, बघायचा चेहरा

सकाळचे आठ वाजलेत. कान-नाक-घसा वॉर्डात राऊंड सुरू आहे. खाटेवर बसलेल्या आजींच्या डोक्याभोवती जाड पट्टी. काल त्यांच्या कानाला नवा पडदा बसवला, कानामागचं सडलेलं हाडही साफ केलं. डॉक्टर मात्र कानाकडे वळलेलेच नाहीत.

"आजी, डोळे घट्ट मिटा. आता दात दाखवा बघू."

चेहरा हलवणारी नस मधल्या कानातून, हाडाच्या बारीक नळीतून जाते. काहींच्या बाबतीत ही नळी जन्मापासूनच उघडी असते. नस दुखावली की डोळा नीट मिटत नाही, चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळतं. भुलीच्या इंजेक्शनमुळे पहिले काही तास असं होऊ शकतं, ते उतरतं. पण कधी कधी नस आठवडाभरानंतर सुजते. तेव्हा पेशंट घरी असतो आणि समोर डॉक्टर नसतात, घरचे असतात. म्हणून रोज सकाळी चहा देताना पेशंटचा चेहरा उजेडात बघा. वेळेत औषध मिळालं तर ही उशिरा आलेली कमजोरी बहुतेकदा भरून येते.

त्याच चहाची चव पत्र्यासारखी लागली तर मात्र घाबरू नका. चवीची एक बारीक नस पडद्यालगतच असते. तिला धक्का लागला की काही आठवडे, कधी काही महिने असं वाटतं. कान दडे बसल्यासारखा राहतो, कारण आत औषधी स्पंज भरलेला असतो. कापसावर थोडं लालसर पाणी दिसेल. कानाची पाळी बधिर वाटेल.

काय झालं तर थांबायचं नाही, तेही ऐका. खोली गरगर फिरतेय आणि उलट्या थांबत नाहीत. ताप चढलाय, कानातून घाण वासाचा पू येतोय. कानामागची सूज वाढतेय. डोकं असह्य दुखतंय, मान वाकत नाही. किंवा पुढे वाकलं की नाकातून, नाहीतर कानातून, स्वच्छ पाणी टपकतंय. हे सर्दीचं पाणी समजून लोक दिवस घालवतात. ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.

आणि कान ठणकतोय म्हणून लसणीचं तेल? कृपा करून नको. एक थेंबही नको.

आजींनी दात दाखवले. ओठांचे दोन्ही कोपरे सारखे ताणले गेले. आता डॉक्टर पट्टी सोडायला घेतात.