सेकंदकाटा

संयोजकांनी विषय दिलाय 'सर्दी-तापाच्या साथीत बालरुग्ण विभाग'. त्यावर येतोच. आधी माझं जुनं खूळ. ज्यांच्या मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ आहे, त्यांनी हात वर करा. सात? बरं, मोबाइल? बघा, सगळेच!

मी शिकाऊ डॉक्टर होतो तेव्हाची गोष्ट. डिसेंबर, निफाडकडची ती हाडं गोठवणारी थंडी, एकेका खाटेवर दोन-दोन बाळं. केसपेपरवर श्वासाचा रकाना असतो. मी सगळ्यांपुढे ४० लिहीत सुटलो. सकाळी सिस्टरांनी पेपरांचा गठ्ठा पुढ्यात ठेवला. "डॉक्टर, ही बाळं कवायत करतात का हो? सगळी एका तालात!" हसा, हसा. मला मात्र घाम फुटला होता. कोपऱ्यात पिंपळगावची एक आजी चार महिन्यांचा नातू घेऊन बसलेली. म्हणाली, "सायेब, रातीपासून याचं पोट भात्यावानी हालतंय." मांडीवर झोपल्या बाळाचा श्वास मोजला. ७२. माझ्या पेपरवर ४०! लगेच ऑक्सिजन लावला, पाचव्या दिवशी स्वारी घरी गेली. आता द्राक्षबागेत ट्रॅक्टर चालवतो, आणि भरधाव चालवतो.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याने दाईंसाठी मण्यांचं साधन केलं होतं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. आकडे न शिकलेल्या बायका त्यावर न्यूमोनिया ओळखत. आणि आमच्याकडे? "डॉक्टर, वाफ द्या ना!" नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ देणारं यंत्र, घराघरांत शिरलंय, मिक्सरसारखं. त्याचा राग मला... चिठ्ठी आली. पाच मिनिटं.

भराभर सांगतो. बाळ शांत असताना, सदरा वर करून, पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४०. तेवढे किंवा जास्त भरले तर दवाखाना गाठा. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, बाळ कण्हतंय, दूध निम्म्यावर आलंय, तर मोजतही बसू नका. दोन वर्षांखालच्या मुलांत ब्राँकिओलायटिस, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक श्वासनळ्यांची सूज, बहुतेकदा आरएसव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तो विषाणू १९५६ मध्ये आधी चिंपांझींत सापडला, ती गंमत राहिली. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, वाफेच्या औषधाचाही सहसा उपयोग नाही. नाक मोकळं करणं, थोडं थोडं दूध, गरज पडली तर नळीने, आणि लागेल तेव्हा ऑक्सिजन, एवढाच उपचार. २०२५ च्या जानेवारीत ज्या एचएमपीव्ही विषाणूने तुमची झोप उडवली, तो २००१ पासून माहीत आहे. त्याचंही साधारण असंच.

वॉर्डाचं म्हणाल तर साथीत खाटांआधी परिचारिका कमी पडतात. दर दोन-तीन तासांनी प्रत्येक बाळाचा श्वास मोजायचा तर माणसं लागतात. खोकणारी बाळं वेगळी ठेवायची, हात धुवायचे, बघायला येणाऱ्या मावश्या-काक्यांना दारातच... हो हो, थांबतो. पहिल्या रांगेतल्या ताई, तुमच्या मांडीवरचं बाळ मघापासून खोकतंय. प्रश्न नंतर घेऊ, आधी त्याला इकडे आणा. घड्याळ माझं आहे.